हळद उन्हाले भेते

"अवो बाई, त्या म्हशीले धरा! गाडीले घासली तं मी मेलो!"

शालिकराम माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. लोकांच्या प्रेमाची सुरुवात फुलानं होते, चांदण्यानं होते म्हणतात. आमची म्हशीनं झाली. आता काय करता!

साल एकसष्ट. पोळ्याच्या आदल्या दिवसाची दुपार. आमचं गाव मूर्तिजापूर-बडनेरा सडकेला लागून, आणि गावापुढच्या नाल्याला पूर आलेला. मी म्हशीला पाणी पाजून परत येत होते, तर आमच्या फाटकासमोर एक मोटार उभी! सायीच्या रंगाची, नवी कोरी दिसणारी. आमच्या गावात मोटार यायची ती निवडणुकीला, नाहीतर कोणी मोठा माणूस मेल्यावर. मोटारीपुढे दोन्ही हात पसरून एक पोरगा उभा होता. खाकी शर्ट, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, आणि चेहरा असा की म्हैस नाही, वाघच आला अंगावर.

"म्हैस हाय. खाणार नाही तुमच्या गाडीले," मी म्हणाले.

"खाल्ली तं चालीन. पण पाठ नका घासू देऊ. सहा हात रंग मारला हाय म्या."

"मोजून?"

"मोजून."

तो हसला. डावीकडे एकच खळी पडली, ती मी पाहिली. म्हैस मात्र मी जरा उशिरानंच वळवली, हे कबूल करते.

एवढ्यात बाबा आले. माझे बाबा जानराव, बोलायला रोखठोक. त्यांनी आधी गाव विचारलं, मग कूळ, मग नाव. तो अकोल्याचा, मोटारी रंगवणारा. ही गाडी अमरावतीच्या एका डॉक्टरांची, राजापेठेतल्या. रंगवून पोचवायला निघाला, तर नाल्यानं अडवलं. काकांचं नाव पुंजाराम, अकोल्याच्या कापूस बाजारातले.

"पुंजारामजीचा पुतण्या? अरे, मंग सोयऱ्याचा सोयराच झाला तू! आन गाडी आत."

आत म्हणजे कुठं? गोठ्यात. पत्र्याखाली तेवढीच एक कोरडी जागा. आमचे बैल पोवळ्या आणि राजा, ती म्हैस, आणि मधोमध मोटार. नत्थुजी आमचे सालदार, माझ्या जन्माआधीपासूनचे. त्यांनी बैल हातभर सरकवले आणि म्हणाले, "जागा द्या रे, पावना आला."

गाडीवर चिखलाचे शिंतोडे होते. शालिकरामनं धुवायला पाणी मागितलं. मी विहिरीचं बादलीभर आणून दिलं, तर पठ्ठ्यानं त्यात बोट बुडवून चाखलं!

"खारं हाय."

"आमच्या इथी सारंच पाणी खारं. आमी तेच पितो, काही मेलो नाही."

"तुमी माणसं हा. रंग मरते. हे पाणी वाळलं का पांढरे टिकले पडतात, मंग जात नाहीत." त्यानं वर पाहिलं. पत्र्याच्या पागोळ्या गळत होत्या. "हे चालीन. आभाळाचं पाणी गोड राह्यते."

मग काय, घरातले सगळे गुंड-घागरी पागोळ्यांखाली लागले. मी खांबाला टेकून त्याचं धुणं बघत राहिले. आधी नुसतं पाणी, छतापासून खाली, हात न लावता. चिखल भिजू द्यायचा, आपोआप उतरू द्यायचा. मग कुठं भिजलेलं मऊ फडकं, तेही पुन्हापुन्हा पिळून.

"एवढ्या येळात मी बारा बैल धुतले असते," मी म्हणाले.

"बैलाले ओरखडा पडला तं भरून येते. हिले नाही येत. धुळीवर फडकं फिरवलं का तेच धुळीचे खडे रंग खरडतात."

"अन् हे पुसून झालं का झालं?"

"नाही ना. वरून मेणाची पॉलिश पायजे. पण नवा रंग हाय, चार-सहा दिवस त्याले श्वास घेऊ द्या लागते. तवर हे अशी उघडीच. ऊन, पाणी, शेणाचा शिंतोडा... सारं थेट आंगावर." त्यानं पुढच्या चाकांवरच्या गोल मडगार्डावरून हात फिरवला, म्हणजे नुसता वरच्यावर, न टेकवता. "हे गाडीचे खांदे. सगळ्यात जास्ती मार इथीच बसते."

खांदे! हा एक शब्द माझ्या कानात अडकला आणि त्यानंच पुढचा सगळा घोळ केला.

कारण ती सांज खांदशेकणीची होती. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांच्या खांद्यांना, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या जागी, लोणी-हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेकायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं, ही आमच्याकडची रीत. आमच्या घरी ते काम नत्थुजींचं आणि माझं. मी पोवळ्याचा खांदा चोळला आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"मले नाही आवतन?" मागून आवाज आला.

"तुमी बैल हा का?"

"सहा वर्षं झाले, दुसऱ्याच्या गॅरेजात राबून राह्यलो. आणखी काय पायजे बैल व्हायले?"

मला हसू आलं. "मंग घ्या आवतन!"

"घेतलं," तो म्हणाला. इतक्या हळू... इतकं खरं म्हणाला, की बैलाच्या खांद्यावर माझा हात तसाच थांबला. नत्थुजींनी खाकरून पळसाचं पान मागितलं, तेव्हा मी भानावर आले.

मग बाबांनी त्याला जेवायला हाक मारली. नत्थुजी कडबा आणायला गेले. गोठ्यात मी, जनावरं आणि ती मोटार. माझ्या वाटीत ओंजळभर लोणी-हळद उरली होती. आणि तिकडे ती बिचारी, उघड्या खांद्यांची. मनात आलं, मेण काय अन् लोणी काय, दोन्ही तुपकटच ना? रात्रभर ओल, पाऊस... तेवढंच कवच. कोण कुबुद्धी सुचली, देव जाणे! दोन्ही हातांनी, अगदी मायेनं, दोन्ही मडगार्डांना चोळली मी हळद. वर तिलाही आवतन दिलं. आणि काहीतरी मोठं चांगलं काम केल्यासारखी जाऊन झोपले.

पोळ्याच्या सकाळी शालिकराम बाबांबरोबर नाला बघायला गेला. मी कौतुकानं गोठ्यात आले आणि बघते तर काय! सायीच्या रंगावर पिवळेजर्द पंजे! माझेच. पदरानं पुसलं तर लोणी निघालं, पिवळं तसंच. रंगात मुरलं होतं ते. मग मी दुसरा मूर्खपणा केला. घरात धावले, कपड्यांचा सोडा आणला आणि घासला.

अगं बाई! हळद लाल झाली.

हळदीला खार लागला की कुंकू होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक. मलाही होतं. पण घाबरल्यावर अक्कल राहते का जाग्यावर? गाडीचे दोन्ही खांदे लालभडक झाले आणि मी हातात सोड्याचं भांडं घेऊन उभी, आणि फाटकातून शालिकराम आत आला.

मी तोंड उघडायच्या आत नत्थुजी पुढे झाले. "म्या लावली जी हळद. बुढा माणूस. मले वाटलं, गोठ्यात उभी हाय तं..."

नत्थुजी जन्मात कधी बैलाशीसुद्धा खोटं बोलले नव्हते. त्यांची मान खाली गेलेली मला बघवेना.

"नाही," मी म्हणाले. "मी लावली. सोडाबी मीच घासला."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो गव्हाणीच्या कडेवर बसला. त्यानं आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काहून लावली?"

"तुमीच म्हणाले ना... उघडी हाय... खांद्याले मार बसते..." मला रडायचं नव्हतं, पण रडलेच.

त्याच्या तोंडावर राग येत होता आणि येता येता कुठंतरी विरून जात होता. मग त्यानं सगळं सांगितलं. अकोल्याच्या गॅरेजात तो सहा वर्षं उस्तादाच्या हाताखाली होता. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरायची त्यानं, घासायचं त्यानं आणि शेवटचा हात मारून नाव घ्यायचं उस्तादानं. ही पहिली गाडी, जी त्यानं एकट्यानं रंगवली, पत्र्यापासून शेवटच्या हातापर्यंत. डॉक्टरांनी शब्द दिला होता. चतुर्थीला याच गाडीतून घरी गणपती आणायचा. गाडी चांगली आली, तर राजापेठेतली त्यांची रिकामी शेड त्याला गॅरेजला मिळणार. नाही आली तर अकोल्याला परत, उस्तादाच्या हाताखाली.

"अन् डॉक्टर कसे हायेत?" मी विचारलं.

"नजर बारीक हाय. डोळ्याचेच डॉक्टर हायेत."

घ्या! डॉक्टर भेटले तेही डोळ्यांचेच.

त्यानं पिशवीतून एक डबा काढला. रंग घासायची लेई होती ती. "घासून काढतो. वरचा हात पातळ हाय इथी, खालचं अस्तर दिसायचं भेव हाय. पण दुसरा उपाय नाही."

मी त्याचं मनगट धरलं. म्हणजे धरलं गेलं. मग मलाच चटका बसल्यासारखं झालं आणि सोडलं.

"थांबा. घासू नका."

"रंगातलं तुमाले काय कळते?"

"रंगातलं नाही कळत. हळदीतलं कळते."

मी आतून आंबट ताक आणलं. मऊ धोतराच्या फडक्यानं त्या लाल डागावर टिपत गेले आणि लाल उतरून पुन्हा पिवळं झालं. शालिकरामचे डोळे मोठे झाले. पागोळ्याच्या पाण्यानं मी सगळं धुऊन काढलं.

"अन् आता हे पिवळं?"

"त्याले आता हात लावायचा नाही. हळद उन्हाले भेते. माह्या लुगड्यावर कितीक डाग पडले. साबनानं जात नाही, घासून जात नाही. दोन दिवस उन्हात वाळत टाकलं का कुठी गेला समजत नाही."

डबा उघडा हातात धरून तो उभा राहिला. एका बाजूला सहा वर्षांचा हुन्नर आणि दुसऱ्या बाजूला जिनं वाटोळं केलं त्याच पोरीचा शब्द.

त्यानं डब्याला झाकण लावलं.

"अन् चतुर्थीपर्यंत ऊनच नाही पडलं तं?" त्यानं विचारलं.

मी वर पाहिलं. आभाळ काळंभोर, गच्च.

त्या दिवशी पोळा भुरभुर पावसातच झाला. पोवळ्या-राजाला झुली घातल्या, शिंगं रंगवली, तोरणाखाली उभं केलं. शालिकराम आमच्या बैलांच्या बाजूला उभा होता. राजाच्या शिंगावरचा ओघळलेला रंग त्यानं बोटानं नीट करून दिला, तर गावातले चार जण आपापले बैल घेऊन आले. संध्याकाळी नाल्याचं पाणी उतरलं. म्हणजे आता त्याला नाल्यानं अडवलं नव्हतं. मी अडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी, करीला, तेच आभाळ. तो गाडी अंगणात ढकलायचा, ताडपत्री काढायचा, वर बघत बसायचा. थेंब आले की पुन्हा झाकायचा. मी म्हटलं, बसून काय करता, काम द्या. तर त्यानं मला कापूस दिला, आमच्याच घरचा. "पॉलिशीले लागन. पण सरकीचं एकबी टरफल राह्यलं तं रंगावर रेघ पडते."

ओसरीवर समोरासमोर बसून आम्ही कापूस निवडत होतो. बोटाला बोट लागलं. एकदा चुकून. मग दुसऱ्यांदाही चुकून. तिसऱ्यांदा दोघांनीही चुकून म्हटलं नाही.

"तुमचे हात मऊ नाहीत," तो म्हणाला.

"निंदन करणारीचे हात हायेत. मऊ कुठून येतीन? मऊ पायजे तं अमरावतीत पाहा."

"तसं नाही... मी म्हणून राह्यलो का कामाचे हात हायेत." तो गोंधळला. "मले आवडतात... कामाचे हात."

माझी आई सुंदराबाई आतून म्हणाली, "रुख्मे, दूध उतू चाललं!" चुलीवर दूध नव्हतंच. आई सगळं ऐकत होती.

आता खरं सांगते, मला तो आवडला होता. म्हशीच्या दिवशीच आवडला होता, पण आता तर फारच. आणि त्यात माझी अशी पंचाईत! सकाळी उठून आभाळाकडे बघायचं आणि मनातल्या मनात म्हणायचं, देवा, ऊन पाड, नाहीतर त्याची शेड जाईल. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, एवढी काय घाई आहे, उद्या पाड. मी स्वतःशीच भांडत होते आणि दोन्ही बाजूंनी हरत होते.

बीजेच्या दिवशी आईनं मला वावरात निंदायला पाठवलं. मुद्दाम लांबच्या वावरात. दुपारी पाठीवर काहीतरी गरम लागलं म्हणून मान वर केली, तर ऊन! लख्ख, कोरडं. मी विळा टाकला आणि धावले. काळ्या मातीचे लेंढे पायाला चिकटत होते, एकेक पाय पायलीचा झाला, पण मी थांबले नाही. ढग पुन्हा भरून यायच्या आत गाडी उघडी करायची होती. त्याला कळलं असेल ना? कळलंच असेल म्हणा. तरी धावले.

अंगणात आले तर गाडी झाकलेली. ताडपत्रीचा एक कोपरासुद्धा उचललेला नाही. आणि शालिकराम शेजारी बैलगाडीच्या धुरेवर बसलेला, हात गुडघ्यांवर.

"ऊन पडलं!" मी धापा टाकत म्हणाले.

"हो."

"कवाचं?"

"घंटा झाला असन."

"मंग ताडपत्री काहून नाही काढली? डोळे फुटले का?"

तो उठला नाही. मी जाऊन ताडपत्रीचं टोक ओढलं. तेव्हा त्यानं उठून दुसरं टोक धरलं... आणि धरूनच ठेवलं.

"रुख्मा," तो म्हणाला. तोपर्यंत माझं नाव त्यानं कधी घेतलं नव्हतं. "आजचा दिवस राहू दे."

"काहून?"

"डाग गेला का मले जा लागते."

कोंबडं आरवलं, शेजारच्या मनकर्णाबाई भिंतीवरून डोकावून गेल्या, आणि मी तशीच ताडपत्रीचं टोक धरून उभी. एखादी पोरगी लाजली असती. मला मात्र असा राग आला!

"येडे हा का तुमी? सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबले, अन् आता शेड दारात आली तं ऊन झाकून बसले? माह्यापायी? मी एकदा वाटोळं केलं ते काय कमी झालं? म्हातारपणी अकोल्यात उस्तादाचे डबे धुवान, अन् म्हणान का एका पोट्टीसाठी बसलो व्हतो! मले असा माणूस नाही पायजे. आपलं काम बुडवून माह्याजवळ बसते तो माणूस मले नाही पायजे!"

"मंग कसा पायजे?"

"उन्हात गाडी ठेवते तसा!"

त्यानं हात सोडला. आम्ही दोघांनी मिळून ताडपत्री काढली. तासभर ऊन मिळालं, मग पुन्हा भरून आलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. रागानंच वाहत होतं, आणि आतून मात्र मी इतकी आनंदले होते की अंगणात फुगडी घालावी. आपल्यासाठी कोणी ऊन झाकून बसलं, असं किती जणींना सांगता येईल?

उजाडली ती तीज. हरतालकेचा कडक उपास मला. आणि आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं! सकाळपासून आम्ही गाडीबरोबर फिरत होतो. सूर्य सरकेल तशी नत्थुजी, शालिकराम आणि मी ती ढकलायचो, मडगार्डं उन्हाकडे. पिवळं फिकं झालं, मग आणखी फिकं. दुपारी ज्याला माहीत त्यालाच दिसत होतं. थोड्या वेळानं मलाही दिसेना. मी वाकून, डोळे बारीक करून शोधलं.

"तुमाले दिसते का?"

"नाही," तो म्हणाला. त्यानं बाहीनं डोळे पुसले. "गेला."

"मंग रडता काहून?"

"घाम हाय."

मग त्यानं पागोळ्याच्या साठवलेल्या पाण्यानं गाडी धुतली, सावलीत घेतली, गार होऊ दिली. "आता श्वास घेऊन झाला रंगाचा," म्हणत मेणाचा डबा उघडला. निवडलेल्या कापसावर नखभर मेण, पातळ हात, एका वेळी वीतभर जागा. मागून मी जुन्या धोतरानं पुसत गेले. मी गोलगोल पुसू लागले, तर म्हणाला, "सरळ. वारा जाते त्या दिशेनं." मडगार्ड असं चमकायला लागलं की त्यात आमची दोघांची डोकी दिसू लागली, वाकडी, लांबुळकी. माझं नाक तर केवढं मोठं!

"आज उपास कोणासाठी?" त्यानं मडगार्डातल्या माझ्याकडे बघत विचारलं.

"पाऊस पडू नये म्हणून."

"तीजेचा उपास पावसासाठी असते का?"

"माह्या उपासाचं मी पाहीन. तुमी गाडीचं पाहा."

उन्हं कलायच्या आत तो निघाला. आईला नमस्कार केला, बाबांना केला, नत्थुजींना तर वाकून केला. गाडीत बसला. माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं... आणि मिटलं. गेला! एक शब्द नाही. काल ऊन झाकून बसणारा माणूस आज मुका झाला. मी इतकी चिडले की उपासाचं केळंही धड गिळलं नाही.

चतुर्थीला आमच्याही घरी गणपती बसला. आरतीत टाळ्या मी वाजवत होते, पण मन राजापेठेत होतं. उतरली असेल का गाडी नजरेला? दिसला असेल का डाग? आम्हाला दिसला नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना?

पंचमीला, ऋषीची भाजी निवडत मी ओसरीवर बसले होते. फाटकात कोणी उभं राहिलं. पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पायांना चिखल. मोटारीतून गेलेला माणूस एस.टी.नं आला होता आणि सडकेपासून पायी.

माझ्या हातातली भाजी खाली पडली. "डाग दिसला त्यायले?"

"नाही. दोनदा चक्कर मारली गाडीभवती. हात फिरवला. म्हणाले, आरशासारखं काम केलं रे तू. काल सकाळी त्यातूनच गणपती आनला."

"मंग शेड?"

"सांगतो. मी त्यायले सारं सांगतलं. हळद, सोडा, ताक, ऊन. सारं."

"काय?" मी उठूनच उभी राहिले. "न दिसणारा डाग दाखवला? डोकं ठिकानावर हाय का तुमचं?"

"पहिलं काम हाय माह्यं. लपवून सुरू नाही करायचं." तो चिखलाच्या पायांनी तसाच उभा होता, ओसरीवर यायचा धीर होत नव्हता. "आधी लय रागावले. मंग डॉक्टरीणबाई हसल्या, मंग तेबी हसले. म्हणाले, रंग मारणारे अमरावतीत धा भेटतीन. पण न घासता डाग काढला, तो कारागीर कोण? त्याले घेऊन ये. शेड तुमा दोघायची."

"कारागीर," मी म्हणाले.

"मी म्हणलं, कारागीर बाई हाय. अन् ते... माह्या घरी आली तं कामाले येईन."

"हे डॉक्टर म्हणाले?"

"नाही. डॉक्टर कारागीर म्हणाले. माह्या घरी... हे मी म्हणालो." त्यानं मान वर केली. "रुख्मा, परवा काही बोललो नाही. शेड हातात नसतानी काय बोलू? तूच म्हणाली व्हती, काम बुडवणारा नाही पायजे."

माझ्या मागच्या दारातून बाबा ओसरीवर आले. केव्हापासून ऐकत होते कोण जाणे. "अन् मले कोणी पुसन का नाही?"

शालिकराम गडबडला. "तुमालेच पुसाले आलो जी. काकाले घेऊन येतो रीतसर. दसऱ्याले..."

"मले पुसून काय फायदा? पोट्टी माह्यं ऐकते का? तिलेच पुस!"

दारात आई, गोठ्याच्या तोंडाशी नत्थुजी, भिंतीवर मनकर्णाबाई, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. माझी जीभ, जी आयुष्यात कधी थांबली नव्हती, नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली. कसंबसं म्हणाले, "गॅरेजात चहा करायले नेऊन राह्यले असान, तं येणार नाही मी. काम शिकवान तं येईन."

"लांबी भरायपासून शिकवतो."

"अन् दसऱ्याले कायले?" आता जीभ सुटली ती सुटलीच. "त्याच्या आधी पितरं लागतात. पितरात कोणी सोयरीक बोलत नाही. मंग पंधरा दिवस उगीच जातीन. पितरं लागायच्या आत घेऊन या काकाले!"

बाबा हसत सुटले. आई पदरात तोंड लपवून हसली. शालिकरामच्या डाव्या गालाला ती खळी पडली, आणि मी काय बोलून बसले ते मला तेव्हा कळलं. मग भाजी तिथंच टाकून मी घरात पळाले.